नामिबियात शिकारीला जायचे आहे: बॅग, बंदूक, बाबा आणि बाकीची तयारी

करवीर_ह्यूस्टन
नमस्कार मंडळी,

जूनच्या शेवटी नामिबियाला जातोय. ऑफिसातल्या टेक्सन मित्राने ओटजिवारोंगोजवळच्या एका फार्मवर जागा धरली आहे. मी इथे हिवाळ्यात त्याच्याबरोबर हरणांच्या शिकारीला जातो, परवाना आहे, मारलेल्या जनावराचे मांस घरी खातो. नामिबियात एक ओरिक्स (लांब सरळ शिंगांचे मोठे हरणासारखे जनावर) आणि जमले तर एक वॉर्टहॉग (आफ्रिकी रानडुक्कर), एवढेच ठरवले आहे. सिंह, हत्ती, बिबट्या यातले काही नाही.

बाबा कोल्हापूरहून परस्पर विंडहूकला, म्हणजे नामिबियाच्या राजधानीत, येणार आहेत. वय ६८, शुद्ध शाकाहारी. शिकार करणार नाहीत, पण जंगल बघायची फार हौस. त्यांचे एक तिकीट आदिस अबाबामार्गे स्वस्त मिळतेय.

कपडे किती आणि कुठले न्यावेत? स्वतःची रायफल न्यावी की तिथली भाड्याने घ्यावी? लसी, गोळ्या? बाबांच्या जेवणाचे काय? नेटवरच्या याद्या वाचून गोंधळ वाढलाय, त्या वाचल्या तर घरच उचलून न्यावे लागेल. ज्यांनी तो भाग पाहिलाय त्यांनी सांगावे.

शिकार योग्य की अयोग्य यावर कुणाला बोलायचे असेल तर बोला, मी ऐकेन.

नामिबकर
विंडहूकमध्ये राहतो, म्हणून पहिला प्रतिसाद माझा.

आफ्रिका म्हणजे ऊन, हे आधी डोक्यातून काढा. विंडहूक समुद्रसपाटीपासून साधारण १६५० मीटरवर आहे, ओटजिवारोंगोही पठारावरच. जून-जुलैत पहाटे पारा शून्याजवळ जातो. त्या थंडीत तुम्ही बक्कीच्या (इथे पिकअपला बक्की म्हणतात) मागच्या उघड्या बाकावर उभे असणार आणि गाडी धावत असणार. बोटे बधिर झाली तर ट्रिगर जाणवत नाही. लोकरीची कानटोपी, पातळ हातमोजे, जाड फ्लीस आणि वर वारा अडवणारे जाकीट, एवढे हवेच. दहानंतर एकेक थर उतरत जातो, दुपारी शर्टावर फिराल.

कपड्यांचे तीन जोड पुरे. फार्मवर रोज धुऊन इस्त्री करून मिळतात, सकाळी टाकले की संध्याकाळी खाटेवर घडी तयार. रंग खाकी, मातकट, हिरवट, आणि कापड असे की काट्याला घासले तरी आवाज करणार नाही. नायलॉनची विजार फरफर वाजते. खिशाचे वेल्क्रोही नको, शांत रानात ते उघडल्याचा आवाज शंभर मीटरवर ऐकू जातो.

बूट आत्ताच विकत घ्या आणि आजपासून घाला. नवे बूट घेऊन येणारे पाहुणे दुसऱ्या दिवशी फोड घेऊन बसतात आणि सगळा खर्च मातीत जातो. तळ मऊ हवा, घोटा झाकलेला हवा. इथले गवताचे कुसळ मोज्यात घुसते, म्हणून वर छोटे गेटर (बुटावरून घोट्याभोवती बांधायचे कापडी आवरण) बांधा.

सईची_आई
वाचतेय. हातमोज्यांचे खरेच डोक्यात आले नसते.

दगडफूल
रायफलबद्दल लिहितो. मी दक्षिण आफ्रिकेत लिंपोपोमध्ये आणि नामिबियात शिकार केली आहे, दोन्ही प्रकारे: स्वतःची नेऊन आणि भाड्याने घेऊन.

स्वतःची न्यायची तर अमेरिका सोडण्यापूर्वी कस्टम्सच्या कार्यालयात रायफल घेऊन जा आणि सीबीपी ४४५७ अर्जावर शिक्का मारून आणा. अधिकारी नंबर ताडून बघतो. परत येताना ही तुमचीच, इथूनच नेलेली, हे त्या कागदावरून सिद्ध होते. शिवाय परदेशातले पोलीस हाच कागद मालकीचा पुरावा म्हणून मागतात. नामिबियाचा तात्पुरता परवाना विंडहूक विमानतळावर पोलिसांच्या खिडकीत भरून मिळतो. जोहान्सबर्गला रायफल ताब्यात घेऊन पुढे जाणार असाल तर मात्र दक्षिण आफ्रिकेच्या पोलिसांचा एसएपीएस ५२० अर्ज लागतो. काळ्या शाईने भरायचा, आणि सही घरून करून न्यायची नाही, अधिकाऱ्यासमोरच करायची. सामान थेट विंडहूकला जाणार असले तरी बंदुकीसाठी मधल्या देशाचा आणि विमान कंपनीचा नियम लेखी मागून घ्या. फोनवरचे "होऊन जाईल" धरू नका.

पेटी कडक, कुलपे मजबूत, किल्ली तुमच्याच खिशात. काडतुसे मूळ खोक्यात, वजन ५ किलोच्या आत. दोन वेगळ्या पेट्या लागतील का हेही आधी विचारा, प्रत्येक कंपनीचे वेगळे असते.

हे सगळे वाचून दमला असाल तर भाड्याची घ्या. बहुतेक फार्मवर थर्टी-ऑट-सिक्स किंवा थ्री-झिरो-एट (ही काडतुसांची मापे) रायफल चांगल्या दुर्बिणीसकट असते, सायलेन्सरही लावलेला असतो. ओरिक्सला पुष्कळ.

मुळशीचा_मध्या
@दगडफूल, माझे मत उलट. आपल्या हाताला आपलीच बंदूक बसते. दुसऱ्याच्या रायफलचा ट्रिगर कुठे सुटतो ते कळेपर्यंत जनावर निघून जाते. तेवढ्यासाठी कागदांचा त्रास मी सोसेन.

दगडफूल
@मध्या, मुद्दा बरोबर आहे. पण पेटी वाटेत कुठल्यातरी विमानतळावर अडकली तर पहिला दिवस गेलाच. भाड्याची घेतली तर पहिल्या दुपारी फार्मच्या निशाणावर दहा-पंधरा फैरी झाडून घ्याव्यात, पैसे लागले तरी. स्वतःची नेली तरी हे करायचेच, सामानाच्या आदळआपटीत दुर्बीण हलते.

आता खरी तयारी. करवीर, तुम्ही टेक्सासमध्ये मचाणावर बसून, रायफल कठड्याला टेकवून मारत असाल. इथे तसे नाही. चालत जायचे, गाइड तिवई उभी करतो, आणि उभ्यानेच त्या तिवईवर रायफल टेकवून गोळी सोडायची. हाताशी वेळ थोडाच असतो. तिवई आत्ताच घ्या. घरी रिकाम्या रायफलने (चेंबर दोनदा तपासून) रोज उभे राहून ट्रिगर दाबण्याचा सराव करा, रेंजवर १०० ते २०० मीटर. बाकावर बसून मारलेल्या सुंदर गोळ्यांचा इथे उपयोग नाही.

दुसरे म्हणजे नेम कुठे धरायचा. अमेरिकेत हरणाच्या खांद्याच्या मागे मारायची सवय असते. ओरिक्सचे हृदय-फुप्फुस अधिक पुढे आणि खाली असते. जनावर आडवे उभे असताना पुढच्या पायाच्या रेषेत वर जायचे आणि अंगाच्या खालच्या एक तृतीयांश भागात थांबायचे. मागे लागली तर ते मैलोन्मैल जाते आणि तडफडते. जखमी ओरिक्सजवळ गाइडच्या पुढे जाऊ नका, शिंगे मीटरभर लांब आणि सुळासारखी असतात. जनावर सापडले नाही तरी रक्त सांडले असेल तर फार्म पूर्ण शुल्क घेतो. मला हा नियम फार योग्य वाटतो. शंका असेल तर ट्रिगरवरचे बोट काढायचे, गाइड चिडत नाही.

पाणकोंबडी
मला हा धागा वाचून त्रास होतोय, खोटे कशाला बोलू. इतक्या सुंदर प्राण्याला मारायला अर्धी पृथ्वी ओलांडून जायचे? कॅमेरा घेऊन जा ना. केनियात १९७७ पासून शिकार बंद आहे, तिथले पर्यटन कॅमेऱ्यावरच चालते.

गौरी_नैरोबी
पाणकोंबडी, मी केनियातच राहते, शिकार केलेली नाही, करणारही नाही. पण इथले चित्र इतके सोपे नाही गं. बंदी आल्यानंतरही प्राण्यांची संख्या खूप घटली आहे. कुंपणे, गुरे, वाढती वस्ती, चोरटी शिकार, कारणे अनेक. मसाई माराच्या कडेच्या कुरणांत कॅमेऱ्याचे पैसे पोहोचतात. जिथे दृश्य भव्य नाही, रस्ता नाही, तिथे पर्यटक जात नाही. त्या गावाला रानडुक्कर आणि हत्ती म्हणजे फक्त पिकाचे नुकसान. आपल्याकडे कोकणात माकडांवरून काय चालते ते आठव.

नामिबकर
गौरीताईंच्या मुद्द्याला जोडून. नामिबियाने १९९६ मध्ये कायदा बदलून सामुदायिक जमिनीवरच्या गावांना वन्यजीवांवर हक्क दिले. गावांनी मिळून कॉन्झर्व्हन्सी (गावांनीच सांभाळायची वन्यजीव क्षेत्रे) काढल्या, आज त्या ८० हून अधिक आहेत. कोटा ठरतो, शिकारीचे शुल्क आणि मांस गावात येते. पर्यटन-लॉज असलेल्या ठिकाणी त्याचे उत्पन्न मोठे असते, पण लॉज उभा राहायला वर्षे लागतात. बोत्स्वानाने २०१४ मध्ये शिकार थांबवली आणि २०१९ मध्ये पुन्हा सुरू केली, तिथे गावांचा आणि हत्तींचा प्रश्न होता.

करवीर जाताहेत तो मात्र खासगी फार्म दिसतोय. तिथे जनावरे मालकाच्या ताब्यात असतात, गुरांऐवजी ओरिक्स, कुडू (पिळदार शिंगांचे तसेच जनावर) पाळणे परवडते म्हणून जमीन रान राहते. आतले क्षेत्र मोठे आहे ना, जनावरे तिथेच वाढलेली आहेत ना, हे मालकाला स्पष्ट विचारा. लहान कुंपणात सोडलेल्या जनावराला मारणे म्हणजे शिकार नव्हे. तिथे मी पाणकोंबडींच्या बाजूने.

पाणकोंबडी
कुंपणाचा प्रश्न विचारावा, एवढे पटले. मारणे पटलेले नाही, पटणारही नाही. पण माहिती दिल्याबद्दल दोघांचे आभार.

करवीर_ह्यूस्टन
पाणकोंबडीताई, बरे झाले बोललात. मी मांस खातो, आणि जे खातो त्यातले थोडे तरी स्वतःच्या हाताने, समोर बघून मारावे, असे मला वाटते. तुम्हाला पटावे असा आग्रह नाही. मालकाला मेल टाकून क्षेत्र आणि कुंपण विचारले आहे.

डॉक्टरीणबाई
बाबांच्या तिकिटाबद्दल कुणी बोलले नाही, म्हणून लिहिते. हे सगळ्यात महत्त्वाचे आहे.

इथिओपिया पीतज्वराच्या, म्हणजे यलो फिव्हरच्या, यादीत आहे. तिथे विमानतळाबाहेर पडले किंवा लांबचा थांबा झाला तर पुढच्या देशात लसीचे प्रमाणपत्र मागतात. दक्षिण आफ्रिकेत ही मर्यादा १२ तासांची आहे. भारतात परतताना तर आपले अधिकारी फार कडक असतात, प्रमाणपत्र नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलग ठेवू शकतात.

मग लस घ्यावी असे वाटेल. पण साठीनंतर ही लस पहिल्यांदा घेताना गंभीर दुष्परिणामांचा धोका, दुर्मीळ असला तरी, वाढतो. थोडे पैसे वाचवण्यासाठी ६८ व्या वर्षी तो पत्करू नये. दुबई–जोहान्सबर्ग–विंडहूक असे तिकीट काढा, म्हणजे यलो फिव्हरचा देश वाटेत येतच नाही. (इतरांसाठी: लस सरकारमान्य केंद्रातच मिळते, प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते आणि २०१६ पासून प्रमाणपत्र आयुष्यभर चालते.)

मलेरिया: ओटजिवारोंगोच्या भागात कोरड्या हिवाळ्यात धोका कमी असतो, पण शून्य नाही, आणि एटोशा अभयारण्यात किंवा ईशान्येच्या झांबेझी पट्ट्यात जोडसहल करणार असाल तर गणित बदलते. नेमकी गावे सांगून डॉक्टरांकडून गोळी ठरवा. अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल परतल्यावर ७ दिवस घ्यायची असते, डॉक्सिसायक्लिन ४ आठवडे, आणि डॉक्सीवर उन्हाने कातडी लवकर भाजते. बरे वाटतेय म्हणून मध्येच सोडू नका.

गोचिडी! संध्याकाळी अंघोळीच्या वेळी कमरेजवळ, काखेत, गुडघ्यामागे बघा. परतल्यावर ताप आला आणि अंगावर काळी खपली दिसली तर डॉक्टरांना आफ्रिकेला गेलो होतो हे पहिल्या वाक्यात सांगा.

बाबांची रक्तदाबाची वगैरे औषधे हातातल्या पिशवीत, मूळ पाकिटात, चिठ्ठीसकट. आणि विम्यात रानातून हलवण्याचा खर्च धरला आहे का ते वाचा. तिथून चांगले रुग्णालय लांब असते.

सईची_आई
डॉक्टरीणबाई, हा प्रतिसाद जपून ठेवला. माझे सासरे पुढच्या वर्षी केनियाला जाताहेत.

गौरी_नैरोबी
@सईची_आई, केनियासाठी यलो फिव्हरचे भारतात परतताना बघतातच, त्यांच्या डॉक्टरांशी आत्ताच बोला. आणखी दोन गोष्टी. इथे २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे, कपडे कापडी पिशव्यांत भरा. माराला छोट्या विमानाने जाणार असतील तर सामान १५ किलो आणि बॅग मऊ, चाकांची कडक बॅग सामानाच्या कप्प्यात मावत नाही. टांझानिया किंवा झांबियात त्सेत्से माशी असते, तिथे निळे आणि काळे कपडे नकोत, ती त्याच रंगांवर येते.

नामिबकर
नामिबियात त्सेत्सेची भीती ओटजिवारोंगोला नाही. पण करवीर, पुढे व्हिक्टोरिया फॉल्सला जायचा बेत असेल तर लष्करी छाप्याचे कपडे बॅगेत ठेवूच नका. झिम्बाब्वे आणि झांबियात सामान्य नागरिकाने ते घालणे गुन्हा आहे.

भाकरवडी_प्रेमी
अहो, जेवणाचे कुणी बोलणार आहे का? शाकाहारी माणूस शिकारीच्या फार्मवर! काकांच्या पोटाची काळजी वाटते.

नामिबकर
काळजी नको. मालकिणीला आधी कळवा, एवढेच. मक्याचा घट्ट पॅप आपल्या उकडीच्या जवळचा लागतो, त्याबरोबर टोमॅटो-कांद्याचा रस्सा असतो. भोपळा, बटाटे, बीन्स, घरचा पाव, फळे असतात. मात्र "शाकाहारी" म्हटल्यावर चिकन वाढणारे इथेही भेटतात, तेव्हा मांस, मासे, कोंबडी, अंडे यातले काय चालत नाही ते एकेक नाव घेऊन लिहा. संध्याकाळी शेकोटीवर सगळ्यांचे मांस भाजत असते, बाबांना त्या वासाचा त्रास होत असेल तर तेही सांगा, वेगळी बसायची सोय करतात.

भाकरवडी_प्रेमी
मेतकूट, भडंग, शेंगदाण्याची चटणी, दशम्या. दूध-तुपाचे पदार्थ कस्टम्सला अडू शकतात म्हणून ते टाळा. मेतकूट-भातावर माणूस महिनाभर निघतो.

मुळशीचा_मध्या
लसणीची चटणी विसरलात. आणि कोल्हापूरचे काका आहेत, भडंग त्यांना आपण सांगायचे?

करवीर_ह्यूस्टन
बाबांना वाचून दाखवले. भडंग आधीच भरलाय म्हणाले.

पंचगंगाकाठ
कोल्हापूरचा विषय निघालाच आहे तर सांगतो. तुमचे बाबा ओटजिवारोंगोला चाललेत हे वाचून अंगावर काटा आला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आपल्या संस्थानाने आफ्रिकेतून चित्ते मागवले होते, काळविटांच्या शिकारीसाठी. आमच्या आजोबांच्या पिढीने गाडीवर डोळे बांधून बसवलेले चित्ते पाहिलेत. भारतातला चित्ता १९५२ मध्ये नामशेष म्हणून जाहीर झाला, आणि १७ सप्टेंबर २०२२ ला मध्य प्रदेशातल्या कुनोला जे आठ आले ते नामिबियातून. चित्ता संवर्धनाचे काम करणाऱ्या चीता कॉन्झर्व्हेशन फंडचे मुख्य केंद्र ओटजिवारोंगोजवळच आहे. तुम्ही शिकारीला गेलात की बाबांना तिथे पाठवा!

नामिबकर
पंचगंगाकाठ, फार चांगली सूचना. केंद्र गावापासून तासाभराच्या अंतरावर आहे, पाहुण्यांना आत घेतात. तिथे धनगरी कुत्र्यांचे काम बघण्यासारखे आहे. अनातोलियन जातीची मोठी कुत्री पाळून शेतकऱ्यांना देतात. कुत्रे शेळ्यांबरोबर लहानाचे मोठे होते आणि चित्ता आला की भुंकून पळवते, मग शेतकऱ्याला चित्ता मारावा लागत नाही. हे १९९४ पासून चालू आहे. जवळच वॉटरबर्गचे पठार आहे, पक्षी बघायला उत्तम. बाबांसाठी ८×४२ ची दुर्बीण घ्या, १० पटीची हातात हलते.

कात्रजकर
पुण्यात राहून असे जाता येते का? मी रायफल क्लबचा सदस्य आहे.

दगडफूल
येते. पण इथली बंदूक नेण्या-आणण्याच्या कागदांत पडू नका, तिथेच भाड्याने घ्या. आणि शिंगे-कातडी भारतात आणायचा विचारच करू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याचा देश आहे, विमानतळावर नको तिथे अडकाल. फोटो आणा.

करवीर_ह्यूस्टन
मंडळी, किती मनापासून लिहिलेत. बाबांचे तिकीट दुबई–जोहान्सबर्गमार्गे काढले. मालकाचे उत्तर आले: क्षेत्र मोठे आहे, जनावरे तिथलीच, बाहेरून आणून सोडत नाहीत. मांसातला काही भाग कामगारांना जातो, उरलेले विकतात. रायफल भाड्याने घेतोय, तिवई मागवली आणि रेंजवर जायला लागलोय. उभ्याने मारणे किती वेगळे असते ते पहिल्याच दिवशी कळले.

दोन प्रश्न उरले: प्लग कुठला, आणि बक्षिशीचे काय करायचे?

नामिबकर
प्लग: तीन जाड गोल पिनांचा. बाबांकडे भारतातला गीझरचा १५ अँपिअरचा प्लग असलेली एक्स्टेन्शन दोरी असेल तर ती आणायला सांगा, बहुतेक बसते. तुमच्या अमेरिकन चार्जरला जोडणी लागेलच. पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या हातातल्या पिशवीत. सुऱ्या-चाकू चेक-इनमध्ये.

बक्षीस: रँड चालतो, नामिबियन डॉलरशी एकास एक आहे. गाइडला वेगळे आणि माग काढणारा, कातडी सोलणारा, स्वयंपाकघरातल्या बाया यांना वेगळे. मालकाला विचारून रक्कम ठरवा, पण पाकीट ज्याच्या त्याच्या हातात द्या. माग काढणारा माणूस तुमच्यापेक्षा दहा पावले पुढे असतो आणि कोरड्या मातीत तुम्हाला दिसत नाही ते त्याला दिसते. त्याच्यासाठी चांगला हेडलॅम्प आणलात तर पैशाइतकाच उपयोगी पडेल.

दगडफूल
आणि त्याला नावाने हाक मारा. पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

डॉक्टरीणबाई
ओठांना लावायचे मलम राहिले सगळ्यांचेच. तिथली हवा इतकी कोरडी असते की दोन दिवसांत ओठ फुटतात. बाबांसाठीही एक, आणि ओआरएसची पाकिटे.

करवीर_ह्यूस्टन
लिहून घेतले. मलम दोन, हेडलॅम्प दोन.